साइट बंद पडली, आता फोन कुणाला लावायचा?

नवरात्रातली दुसरी माळ, सकाळचे सव्वाआठ. महाद्वार रोडच्या आसपास असलेल्या एका यात्री निवासाच्या मालकांचा फोन आला. "आमची साइट उघडंना झालीया. काल रात्रीपासनं एक बी बुकिंग न्हाई. तरीच म्हटलं, नवरात्रात एवढं शांत कसं काय!" मी पत्ता टाकून पाहिला, तर असा पत्ताच सापडत नाही असं ब्राउझर सांगत होता. होस्टिंग कंपनीच्या चॅटवर पाऊण तास घालवला. त्यांचं एकच पालुपद, सर्व्हर ठणठणीत आहे. आणि तो खरंच ठणठणीत होता. संपली होती ती डोमेनची मुदत. नूतनीकरणाच्या सूचना महिनाभर येत होत्या, पण त्या जात होत्या साइट बनवणाऱ्या पोराच्या कॉलेजच्या दिवसांतल्या ईमेलवर. पोरगा आता हिंजवडीत, रात्रपाळी करून झोपलेला. त्याचा फोन लागेपर्यंत दुपारचे दोन वाजले.

कोल्हापुरातल्या दुकानांच्या, लॉजच्या आणि शिरोली, गोकुळ शिरगावकडच्या कारखान्यांच्या साइट सांभाळणं हे माझं काम. बंद पडलेल्या साइटचा माग काढत गेलं की बहुतेक वेळा गाडी अशाच ठिकाणी येऊन थांबते. मुदत संपलेली, डिस्क भरलेली, किल्ली दुसऱ्याच्या खिशात. मालक मात्र पहिल्यांदा विचारतात, "होस्टिंग बदलूया का?" माझ्या मते तो प्रश्न सगळ्यात शेवटी यायला हवा. खालच्या पायऱ्यांचा क्रम त्याच हिशेबानं लावलाय.

पायरी १ : चाव्या कुणाकडे आहेत ते शोधा

साइट ही एकच वस्तू नसते, चार-पाच खात्यांची मोळी असते. डोमेन म्हणजे पाटीवरचं नाव. डीएनएस म्हणजे त्या नावावरून गाळा नेमका कुठं आहे ते सांगणारी नोंद. होस्टिंग म्हणजे तो गाळा. त्याखेरीज ईमेल, एसएसएल प्रमाणपत्र (साइटशी जोडणी सुरक्षित असल्याची खूण), पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे घेणारी सेवा). कधी हे सगळं एकाच कंपनीकडे असतं, कधी पाच ठिकाणी विखुरलेलं.

एक कागद घ्या आणि प्रत्येक खात्यापुढे पाच गोष्टी लिहा: कंपनीचं नाव, लॉगिनचा ईमेल, ओटीपी कुठल्या मोबाइलवर येतो, मुदत कधी संपते, पैसे कुठून जातात. जिथं लिहिता येत नाही, तिथंच तुमची साइट एक दिवस अडकणार आहे. साइट बनवणाऱ्याकडून ही माहिती मागताना संकोच करू नका. गाळा तुमचा, तर वीजबिलही तुमच्याच नावावर हवं.

डोमेनची नोंदणी तुमच्या किंवा फर्मच्या नावावर असलीच पाहिजे. डॉट कॉमची मुदत संपली म्हणजे नाव त्याच क्षणी गेलं असं नाही. बहुतेक कंपन्या काही दिवसांची सवलत देतात (ती जास्तीत जास्त ४५ दिवस असू शकते), त्यानंतर ३० दिवसांचा सोडवणुकीचा काळ असतो आणि मग ५ दिवसांनी नाव पुन्हा बाजारात मोकळं होतं. सवलतीत नेहमीच्या दरात काम भागतं. सोडवणुकीच्या काळात मात्र दंडासकट कित्येक पट मोजावे लागतात. त्यातही सवलतीचे दिवस देणं कंपनीवर अवलंबून, आणि डॉट इनसारख्या इतर नावांचं वेळापत्रक वेगळं असू शकतं. त्यामुळे हे दिवस हक्काचे समजू नका.

"ऑटो-रिन्यू चालू आहे की!" हे उत्तरही पुरेसं नाही. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे कार्डावरून आपोआप पैसे वळते व्हायला आधी ई-मँडेट, म्हणजे तुम्ही नोंदवून दिलेली परवानगी, लागतो. परदेशी कंपनीकडे ती सोय नसेल तर वसुली फसते, आणि तशी सूचना येते पुन्हा त्याच जुन्या ईमेलवर. डोमेन एकदम तीन-पाच वर्षांचं भरून टाका. वर्षाकाठी हजार-दीड हजाराचा मामला असतो.

आता या पायरीतला सगळ्यात महत्त्वाचा सापळा. तुमच्या दुकानाच्या डोमेनवरचाच ईमेल डोमेनच्या खात्याला लॉगिन म्हणून दिलाय का? डोमेन बंद पडलं की तो ईमेलही बंद. मग पासवर्ड बदलण्याचा दुवा येणार कुठं? तिजोरीची किल्ली तिजोरीतच राहिली. हे मोठ्यांनाही चुकलेलं नाही. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम जवळपास सहा तास बंद होते. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका आज्ञेमुळे त्यांचं अंतर्गत जाळं तुटलं, पाठोपाठ डीएनएसही दिसेनासं झालं, आणि दुरुस्तीसाठी इंजिनिअर जी साधनं वापरतात ती त्याच जाळ्यावर असल्यानं तीही चालेनात. आपल्यासाठी उपाय सोपा आहे: एक स्वतंत्र जीमेल, दोघांच्या फोनवर उघडलेलं, फक्त या खात्यांसाठी.

पायरी २ : ९९.९ म्हणजे नेमकं किती

होस्टिंगच्या जाहिरातीत ९९.९ टक्के अपटाइमचं, म्हणजे तेवढा वेळ साइट चालू राहण्याचं, वचन असतं. तीस दिवसांच्या महिन्यात ९९ टक्के म्हणजे ७ तास १२ मिनिटं बंद. ९९.९ म्हणजे सुमारे ४३ मिनिटं, वर्षाला पावणेनऊ तास. ९९.९९ म्हणजे महिन्याला सव्वाचार मिनिटं.

आकड्यापेक्षा अटी वाचा. पूर्वसूचना देऊन केलेली देखभाल बहुधा या हिशेबात धरत नाहीत. आणि अमेरिकेतली कंपनी देखभाल करते तिच्या रात्री. उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये रात्रीचे अकरा वाजतात तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेआठ झालेले असतात. त्यांचा निजानीजचा वेळ म्हणजे आपली दुकानं उघडायची वेळ. भारतातलं डेटा सेंटर निवडण्याचं वेगाइतकंच हेही कारण आहे. वचन मोडलं तर भरपाई बहुधा मासिक भाड्याच्या काही टक्के क्रेडिटच्या रूपात, तीही मागितली तर. महिना ३०० रुपयांच्या प्लॅनवर १० टक्के म्हणजे ३० रुपये. एक मिसळही येत नाही.

तुमचं नुकसान तुम्हीच मोजा, आणि वेळेनुसार मोजा. यात्री निवासाला नवरात्रात आणि जोतिबाच्या चैत्र यात्रेत एक तास जड जातो, भर जुलैत तोच तास कुणाच्या लक्षातही येत नाही. चपलांचं ऑनलाइन दुकान असेल तर दिवाळीआधीचे पंधरा दिवस. फौंड्रीवाल्यांची गंमत वेगळी आहे. त्यांना वाटतं, रात्री साइट बंद असली तर काय बिघडलं? पण अमेरिकेतला खरेदीदार तुमचा कॅटलॉग उघडतो तेव्हा उद्यमनगरात शटर ओढून चार तास झालेले असतात.

पायरी ३ : पहारा बसवा

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ ला धोका. २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्या माणसाला हे दोन आकडे झोपेतही पाठ असतात. बंधाऱ्यावरचा आकडा वाढू लागला की नदीकाठचा दुकानदार माल माळ्यावर चढवायला घेतो, पाणी उंबऱ्याला लागायची वाट पाहत नाही. साइटलाही असे दोन आकडे ठरवून द्यायचे.

अपटाइमरोबोट, बेटर स्टॅक, हेट्रिक्सटूल्स अशा सेवा ठरावीक मिनिटांनी तुमची साइट उघडून पाहतात आणि उघडली नाही तर कळवतात. मोफत योजनेत बहुधा काही मिनिटांच्या अंतरानं तपासणी होते. मोफत योजना व्यवसायासाठी चालते का, ही अट आधी वाचा. स्वतःचा सर्व्हर हाताळता येत असेल तर अपटाइम कुमा हे मुक्त सॉफ्टवेअर चांगलं आहे. पण ते साइटच्याच सर्व्हरवर बसवू नका. राखणदार आणि घर एकदमच बुडेल.

मांडणी अशी करा. पहिली तपासणी मुखपृष्ठाची, पण नुसती 'उघडतंय का' एवढीच नको. पान कोरं आलं तरी सर्व्हर '२००, सगळं ठीक' असं उत्तर देऊ शकतो. म्हणून शब्दाची तपासणी लावा: पानाच्या तळाशी असलेला एखादा शब्द, उदाहरणार्थ दुकानाचा पत्ता, सापडला तरच साइट जिवंत धरायची. दुसरी तपासणी बुकिंगच्या किंवा कार्टच्या पानाची. मुखपृष्ठ कॅशमधून (म्हणजे आधी साठवलेल्या प्रतीतून) झकास दिसत असतं आणि मागे डेटाबेस, म्हणजे बुकिंग-ऑर्डरींची वही, मेलेला असतो, हे मी अनेकदा पाहिलंय. तिसरी एसएसएलच्या मुदतीची, चौथी डोमेनच्या मुदतीची.

एसएसएलकडे आता जास्त लक्ष हवं. लेट्स एन्क्रिप्टची मोफत प्रमाणपत्रं ९० दिवसांची असतात आणि आपोआप नवी होतात, निदान व्हायला हवीत. विकत घेतलेली प्रमाणपत्रं पूर्वी वर्षभर चालायची. पण १५ मार्च २०२६ पासून नव्या प्रमाणपत्रांची कमाल मुदत २०० दिवसांवर येते, आणि टप्प्याटप्प्यानं १५ मार्च २०२९ ला ४७ दिवसांवर. वर्षातून एकदा हातानं बसवायची सवय असेल तर ती आत्ताच मोडा.

इशाऱ्याची पातळी: पान उघडायला पाच सेकंदांहून जास्त लागणं, डिस्क ८० टक्के भरणं, प्रमाणपत्राचे १४ दिवस आणि डोमेनचे ६० दिवस उरणं. धोक्याची पातळी: लागोपाठ दोन तपासण्या नापास. एकाच नापास तपासणीवर फोन वाजवत ठेवलात तर आठवड्याभरात तुम्ही तो आवाज बंद कराल आणि खरा इशारा त्यात बुडेल. संदेश टेलिग्रामवर किंवा एसएमएसनं, किमान दोन माणसांना.

पायरी ४ : बंद पडल्यावरची पहिली पंधरा मिनिटं

आधी एक काम, तपासणीच्याही आधी: गूगल किंवा फेसबुकवर जाहिरात चालू असेल तर थांबवा. बंद दाराकडे गिऱ्हाईक पाठवायचे पैसे का भरायचे?

मग वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर साइट उघडा. उघडली? मग साइट चालू आहे, अडचण तुमच्या ऑफिसच्या लाइनची आहे. याचं एक कारण इतकं नेहमीचं आहे की आधी तेच तपासा. ऑफिसातल्या एखाद्या कॉम्प्युटरवर ईमेलचा जुना पासवर्ड साठवलेला असतो. तो दर काही मिनिटांनी चुकीचं लॉगिन करतो आणि सर्व्हरची फायरवॉल, म्हणजे दारावरचा पहारेकरी, हल्ला समजून तुमच्या ऑफिसचा आयपी पत्ताच (इंटरनेटवरचा तुमचा क्रमांक) अडवते. सगळ्या जगाला साइट दिसते, फक्त मालकाला दिसत नाही. गूगलवर 'माझा आयपी' शोधा, तो आकडा सपोर्टला द्या, मोकळा करून घ्या, आणि आधी तो पासवर्ड दुरुस्त करा. नाहीतर तासाभरात पुन्हा तेच.

मोबाइलवरही उघडत नसेल तर पडद्यावर काय लिहिलंय ते नीट वाचा आणि स्क्रीनशॉट काढा. 'साइट उघडत नाही' या तीन शब्दांत सपोर्टवाल्याला काहीच कळत नाही.

पत्ता सापडत नाही असं म्हणत असेल तर डोमेन किंवा डीएनएस. हूइज तपासणीत, म्हणजे डोमेनच्या सार्वजनिक नोंदीत, मुदत पाहा. जोडणी खाजगी नाही, असुरक्षित आहे असं म्हणत असेल तर प्रमाणपत्र. ५०० हा आकडा दिसला तर बहुधा साइटच्या आतला बिघाड, म्हणजे नवं प्लगइन (साइटला जोडलेली जादा सोय), थीम, किंवा साइट ज्या भाषेत चालते त्या पीएचपीची बदललेली आवृत्ती. शेवटचा बदल काय केला ते आठवा. साइट वर्डप्रेस या सॉफ्टवेअरवर बनवलेली असेल आणि त्यात शिरताच येत नसेल तर होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमधून प्लगइनच्या फोल्डरचं नाव बदला. सगळी प्लगइन एकदम बंद होतात. साइट उघडली, तर नाव पूर्ववत करून एकेक चालू करत दोषी पकडा. वर्डप्रेस अशा वेळी दुरुस्तीचा दुवा ईमेलनेही पाठवतं, तो ॲडमिनच्या ईमेलवर येतो. तो ईमेल कुणाचा आहे, हे पहिल्या पायरीत लिहिलंत ना?

५०२, ५०३, ५०४ म्हणजे मागचा सर्व्हर उत्तर देत नाही किंवा वेळेत देत नाही. हा भाग बहुतेकदा कंपनीच्या हातात असतो. तिचं स्टेटस पान पाहा आणि तिकीट टाका, म्हणजे लेखी तक्रार नोंदवा. ५०८ म्हणजे शेअर्ड होस्टिंगवर (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट) तुमच्या वाट्याची क्षमता संपली. डेटाबेसशी जोडणी होत नाही असं म्हणत असेल तर आधी डिस्क तपासा. न उपसलेल्या मेलबॉक्सनी आणि बॅकअपच्या जुन्या झिप फायलींनी ती भरलेली असण्याची शक्यता फार.

तिकिटात एवढं लिहा: कधीपासून (भारतीय वेळ असं स्पष्ट लिहून), कुठलं पान, पडद्यावरचा नेमका मजकूर, कुठल्या कुठल्या नेटवर्कवरून पाहिलं, गेल्या २४ तासांत काय बदललं. मग सपोर्टचं पहिलं उत्तर 'कॅश साफ करून पाहा' असं येत नाही. निदान कमी वेळा येतं.

त्या वेळात गिऱ्हाइकाला सांगा. व्हॉट्सॲप स्टेटस आणि गूगलच्या बिझनेस प्रोफाइलवर दोन ओळी: साइट दुरुस्तीत आहे, ऑर्डर किंवा बुकिंग फोनवर घेतोय. हा मजकूर आधीच लिहून ठेवा, कारण त्या घाईत शब्द सुचत नाहीत. ईमेलची फार काळजी नको. तुमचा मेल सर्व्हर बंद असला तरी पाठवणाऱ्याचा सर्व्हर साधारण काही दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहतो.

पायरी ५ : बॅकअप दुसऱ्या गावात ठेवा

१० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग इथं ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. एक इमारत पूर्ण जळाली, शेजारच्या दुसऱ्या इमारतीचा काही भाग गेला. काही ग्राहकांनी पैसे भरून बॅकअप घेतलेला होता, पण तो त्याच आवारात ठेवलेला. साइटबरोबर बॅकअपचीही राख झाली.

होस्टिंग कंपनी 'रोज बॅकअप' म्हणते तेव्हा तो कुठं ठेवते ते विचारा. काहीही उत्तर आलं तरी एक प्रत तुमच्या ताब्यात हवी. वर्डप्रेससाठी अपड्राफ्टप्लससारखं प्लगइन गूगल ड्राइव्हवर प्रत पाठवतं. डेटाबेस रोज, फोटो आणि फायली आठवड्याला, आणि महिन्याला एक प्रत ऑफिसातल्या हार्ड डिस्कवर. ती डिस्क तळघरात नको, हे शाहूपुरीत किंवा दुधाळीत राहणाऱ्याला सांगायला नको. ऑफिसातल्याच कॉम्प्युटरवर बिलिंगचा सर्व्हर चालवणाऱ्यांनी तर पावसाळ्याआधी तो वरच्या मजल्यावर न्यावा.

आणि प्रत परत उभी करून पाहा. वर्षातून दोनदा, रिकाम्या सबडोमेनवर, म्हणजे तुमच्याच डोमेनच्या पोटातल्या वेगळ्या पत्त्यावर. घड्याळ लावून. माझ्या एका गिऱ्हाइकाकडे दोन वर्षांचे बॅकअप ओळीनं होते. उघडले तर प्रत्येकात फोटो, डेटाबेस एकातही नाही.

पायरी ६ : गर्दी झाली तर

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्रादाच्या मॉडेलांच्या पायांत कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या आणि देशभर गदारोळ उठला. जो तो कोल्हापुरी चप्पल शोधायला लागला. आयुष्यात एकदा येणारी अशी गर्दी आणि हल्ला यांतला फरक स्वस्त शेअर्ड होस्टिंगला कळत नाही. ते दोघांनाही ५०८ दाखवतं.

यासाठी लगेच महागडा सर्व्हर घेऊ नका. मोबाइलवर काढलेले पाच-पाच एमबीचे फोटो दोनशे केबीच्या आत आणा, कॅश प्लगइन लावा, पुढे क्लाउडफ्लेअरसारखं सीडीएन (साइटच्या प्रती ठिकठिकाणच्या सर्व्हरवरून देणारी सेवा) ठेवा. एवढ्यावर छोटं दुकान बरंच तगतं. सीडीएनही अमर नाही. १८ नोव्हेंबर २०२५ ला क्लाउडफ्लेअरच्याच एका आतल्या फाइलचा आकार मर्यादेबाहेर गेला आणि जगभरच्या साइट काही तास ५०० दाखवत राहिल्या. त्याआधी ऐन दिवाळीत, २० ऑक्टोबरला, ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेच्या व्हर्जिनियातल्या केंद्रात डीएनएसचा घोळ झाला होता. अशा दिवशी तुम्ही काही करू शकत नाही. फोनवर बुकिंग घ्या, चहा प्या.

पायरी ७ : तरीही होस्टिंग बदलायचंच असेल

पहाऱ्याच्या सेवेतून तीन महिन्यांची नोंद काढा. खोट खरंच सर्व्हरची दिसली तर बदला, पण घटस्थापनेच्या आधीच्या पंधरवड्यात नको आणि शनिवारी रात्री तर नकोच.

आधी डीएनएसमधला टीटीएल पाहा. जुना पत्ता इंटरनेटनं किती सेकंद लक्षात ठेवायचा, तो हा आकडा. ८६४०० असेल तर पूर्ण दिवस. बदलाच्या दोन दिवस आधी तो ३०० करा, म्हणजे पाच मिनिटं. नव्या सर्व्हरवर साइट पूर्ण उभी करून तपासा, मगच पत्ता वळवा. ऑनलाइन दुकान असेल तर त्या तासात ऑर्डर बंद ठेवा, नाहीतर अर्ध्या ऑर्डरी जुन्या डेटाबेसात राहतात. जुनं होस्टिंग महिनाभर चालू ठेवा.

आणि ईमेल! नेमसर्व्हर (डीएनएसच्या नोंदी जिथं राहतात ते ठिकाण) बदलताना एमएक्सच्या, म्हणजे मेल कुठं पोचवायचा ते सांगणाऱ्या, नोंदी नव्या ठिकाणी उतरवून घ्यायच्या राहतात. साइट झकास दिसते, मालक खूश, आणि तीन दिवसांनी कुणीतरी विचारतं, आपल्याला मेल का येत नाहीत? जुन्या डीएनएसच्या प्रत्येक नोंदीचा आधी स्क्रीनशॉट काढा.

त्या यात्री निवासाच्या मालकांनी पहिल्या पायरीतला कागद लॅमिनेट करून काउंटरच्या आतल्या बाजूला, रेल्वेच्या वेळापत्रकाशेजारी लावलाय. डोमेन पाच वर्षांचं भरलंय, त्यांच्याच नावावर. कागदावर मी पासवर्ड लिहू दिले नाहीत, त्यावरून थोडी कुरकुर झाली. ते आता वहिनींच्या डायरीत आहेत, आणि ती डायरी कुठं असते ते मलाही सांगितलेलं नाही.